समजलं का?

ग्लुकोमीटरवर आकडा यायला पाच सेकंद लागतात. त्या रात्री आकडा आलाच नाही. पडद्यावर इंग्रजीतली दोन अक्षरं आली, एच आणि आय. हे मशीनचं ‘हाय, कशी आहेस’ नव्हे. साखर इतकी वाढलीय की मला मोजता येत नाही, असं ते सांगत असतं. आमच्या मीटरवर ६००च्या पुढे गेलं की असं होतं.

कॉटवर अकरा वर्षांची मुलगी होती. कंधारकडच्या एका गावातली. तिला मी इथे छकुली म्हणते. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे, आणि श्वास असा की जणू आत्ताच चार मजले चढून आलीय. पण ती तर पडून होती. तोंडाजवळ गेलं की जास्त पिकलेल्या फळासारखा वास येत होता. नर्सिंगच्या पुस्तकात या वासावर एक ओळ असते. प्रत्यक्षात एकदा घेतला की तो विसरत नाही.

मला तो लगेच ओळखू आला, कारण दोन महिन्यांपूर्वी हीच मुलगी हाच वास घेऊन याच वॉर्डात आली होती. तेव्हा आम्ही तिला बरं करून घरी पाठवलं होतं. आणि घरी पाठवताना तिच्या वडिलांना इन्शुलिन द्यायला शिकवणारी सिस्टर मीच होते.

* * *

मी मूळची लातूरची. जीएनएम तिथेच केलं आणि नोकरीसाठी नांदेडला आले, एका खाजगी दवाखान्यात. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये कधी सकाळी उभे राहा. किनवट, हदगाव, देगलूर, हिंगोली, परभणी, आणि सीमेपलीकडून निजामाबाद-आदिलाबादकडचेही पेशंट येतात. एका वॉर्डात मराठी, तेलुगू आणि आपली दखनी हिंदी एकाच वेळी चालू असते. पेशंटचे नातेवाईक गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवून येतात आणि रात्री कॉरिडॉरमध्ये चादर टाकून झोपतात.

छकुली पहिल्यांदा आली तेव्हा घरच्यांना वाटलं होतं पोटात जंत झालेत. महिनाभर ती रात्री चार-चार वेळा लघवीला उठायची, घागरभर पाणी प्यायची, आणि खाऊनपिऊन वाळत चालली होती. मग उलट्या सुरू झाल्या. गावातल्या एकानं बाहेरचं आहे म्हणून लिंबू उतरवलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी मात्र साखर बघितली आणि लगेच गाडीत घालून नांदेडला पाठवलं.

तिला टाइप वन डायबेटिस होता. यात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. चॉकलेट खाल्ल्यानं हा होत नाही. तिचे वडील तीन दिवस मला एकच विचारत होते, “सिस्टर, लई बिस्किटं खायची ती. त्यानं झालं का?” मी तीन दिवस नाही म्हणत होते.

इन्शुलिन नसलं की रक्तात साखर असूनही पेशी उपाशी राहतात. मग शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून रक्तात आम्ल साठतं, आणि तो वास, तो श्वास सुरू होतो. यावरचा उपचार म्हणजे सलाईन, थेंबाथेंबानं इन्शुलिन, आणि पहारा. पहारा म्हणजे नर्स. दर तासाला साखर बघायची, किती पाणी गेलं आणि किती लघवी झाली ते लिहायचं. इन्शुलिननं रक्तातलं पोटॅशियम उतरतं, ते फार उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून त्यावर डोळा ठेवायचा. लहान मुलांत मेंदूला सूज येण्याची भीती असते, म्हणून तासातासाला हाक मारून बघायची. “छकुली, डोळं उघड. माझं नाव काय?” पहाटे चार वाजता तिनं डोळे न उघडताच उत्तर दिलं, “सिस्टर.” मला तेवढं पुरे होतं.

१९२१ साली टोरंटोमध्ये फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळं केलं. त्याआधी या आजाराच्या मुलांना जवळजवळ उपाशी ठेवायचे, तेवढेच काही महिने जास्त मिळावेत म्हणून. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. त्याचा फारसा उपयोग झाला नाही, कारण अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. बारा दिवसांनी शुद्ध केलेला अर्क दिला, आणि मुलाची साखर उतरली. बाटलीत औषध होतं, पण जसं जायला हवं तसं गेलं नव्हतं. ही गोष्ट मी परीक्षेसाठी वाचली होती. तिचा माझ्याशी काही संबंध असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

* * *

पहिल्या वेळी डिस्चार्जच्या दिवशी काय झालं ते नीट सांगते.

आमच्याकडे डायबेटिसचं शिक्षण देणारं वेगळं माणूस नव्हतं. त्या दिवशी माझ्याकडे अठरा पेशंट होते. छकुलीचे वडील बिल भरून आले तेव्हा बाहेर जीप थांबलेली, ड्रायव्हर हॉर्न मारतोय. मी त्यांना कॉटवर बसवलं आणि दहा मिनिटांत सगळं सांगितलं. दुधाळ दिसणारी बाटली तळहातांत घोळवायची, गदागदा हलवायची नाही. सिरिंजमध्ये सकाळी १६च्या रेघेपर्यंत भरायचं, संध्याकाळी १०च्या. पोटावर नाहीतर मांडीवर द्यायचं, आणि नंतर जेवायला लावायचं. घाम सुटला, हातपाय थरथरले, एकदम भूक लागली तर साखर कमी झालीय, लगेच तीन-चार चमचे साखर द्यायची. बेशुद्ध झाली तर तोंडात काही घालायचं नाही, दवाखान्यात आणायचं.

मग मी विचारलं, “समजलं का?”

ते म्हणाले, “हाव.”

मी कागदावर सही घेतली. महिनाभराच्या सिरिंज दिल्या. ते गेले.

दुसऱ्या वेळी छकुली शुद्धीवर आली, तेव्हा वॉर्डात सगळ्यांचं एकच मत होतं. घरच्यांनी इन्शुलिन बंद केलं असणार. असं होतं खरं. कुणीतरी सांगतं की इन्शुलिनची सवय लागते, कुणीतरी पाला देतं. डॉक्टर रागावले, मीही रागावले. वडील मान खाली घालून उभे होते. म्हणाले, “सिस्टर, एक दिस चुकवला नाही. तुम्ही सांगितलं तसंच केलं.”

माझा विश्वास बसला नाही. मी म्हटलं, “करून दाखवा.”

त्यांनी पिशवीतून बाटली काढली. तळहातांत घोळवली, अगदी मी सांगितलं होतं तशी. सिरिंज काढली, १६च्या रेघेपर्यंत भरली, हवेचा बुडबुडा टिचकी मारून घालवला. हात जरासुद्धा थरथरला नाही. सगळं बरोबर होतं.

सिरिंजचं टोपण मात्र केशरी होतं.

* * *

हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, म्हणून सांगते. आपल्याकडे इन्शुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात. एकीत १ मिलीमध्ये ४० युनिट असतात, दुसरीत १००. सिरिंजही दोन असतात. ४०ची लाल टोपणाची, १००ची केशरी टोपणाची. बाटली आणि सिरिंज एकाच आकड्याची लागते. छकुलीची बाटली ४०ची होती. केशरी सिरिंजवर १६ची रेघ म्हणजे ०.१६ मिली. ४०च्या बाटलीतून तेवढं काढलं तर हातात येतात ६.४ युनिट. संध्याकाळी १०च्या जागी ४. रोज २६ युनिट जायला हवे होते तिथे १०.४ जात होते. उलटी चूक, म्हणजे १००ची बाटली आणि लाल सिरिंज, ही तर आणखी भयंकर. डोस अडीचपट होतो आणि साखर एकदम खाली येते.

केशरी सिरिंज आली कुठून? आम्ही दिलेल्या लाल सिरिंज महिन्यात संपल्या. वडिलांनी गावातल्या मेडिकलवर मागितल्याच नाहीत, कारण गावाला कळू द्यायचं नव्हतं. “पोरीची जात आहे सिस्टर. उद्या लग्नाच्या वेळी कोण करंल?” म्हणून ते दूरच्या बाजारच्या गावी गेले आणि अनोळखी दुकानात ‘शुगरची सुई’ मागितली. दुकानदारानं शुगरची सुई दिली. त्यानंतरचे काही आठवडे छकुलीला जेमतेम चाळीस टक्के औषध जात राहिलं. मग साधा ताप आला. तापात शरीराला इन्शुलिन जास्त लागतं. तेवढं निमित्त पुरलं.

या साखळीत खोटं कुणी बोललं नव्हतं, आळस कुणी केला नव्हता. अकरा वर्षांच्या पोरीला दिवसातून दोनदा टोचायला बापाचं काळीज कसं होत असेल, तरी त्यानं एक दिवस चुकवला नव्हता. मी ‘१६ची रेघ’ म्हटलं होतं. ‘लाल टोपण, ४० लिहिलेली’ असं म्हटलं नव्हतं. आणि पहिल्या वेळी करून दाखवा म्हटलं नव्हतं.

मला कुणी काही बोललं नाही. डॉक्टर म्हणाले, मेडिकलवाल्यानं बघायला हवं होतं. तेही खरंच. पण त्या रात्री हॉस्टेलवर मला झोप आली नाही. ‘समजलं का’ या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर असतं. शाळेत मास्तरांनी विचारलं, बँकेत साहेबांनी विचारलं, दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, आपण ‘हो’ म्हणतो. नाही म्हटलं तर आपणच मूर्ख ठरतो. मी तो प्रश्न त्यांच्यासाठी विचारलाच नव्हता. माझ्या सहीच्या कागदासाठी विचारला होता.

* * *

त्या आठवड्यात सुट्टी घेऊन मी लातूरला निघाले. नांदेडहून एसटीनं लोहा, अहमदपूर करत लातूर. खिडकीबाहेर सोयाबीनची रानं आणि डोक्यात २०१६.

लातूरला त्या वर्षी रेल्वेनं पाणी आलं होतं. मिरजेहून एप्रिलमध्ये पहिली गाडी आली, सुमारे ५ लाख लिटरची. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली होती. आमच्या गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा यायचा. घरात घागरी मोजलेल्या होत्या, प्यायच्या वेगळ्या, वापरायच्या वेगळ्या. आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात आई सारखी पाणी प्यायची. रात्री तीनदा उठायची. भाऊ एकदा चिडून म्हणाला, “आई, जरा दमानं पी की. सगळ्यांना पुरवायचंय.” ती काही बोलली नाही. नंतर तिनं आमच्यासमोर पाणी पिणं कमी केलं.

मी तेव्हा जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला होते. जास्त तहान, जास्त लघवी, जास्त भूक, ही डायबेटिसची तीन लक्षणं मी वहीत लाल पेनानं लिहिली होती. परीक्षेत आली, पैकीच्या पैकी मिळाले. पावसाळ्यात आईच्या मानेवर गळू झालं, ते बरं होईना म्हणून दाखवायला नेलं, तेव्हा साखर ३८० निघाली. ती तीन लक्षणं महिनोन् महिने आमच्या स्वयंपाकघरात, माझ्यासमोर घागर वाकवून पाणी पीत होती.

आई काटकुळी आहे. डायबेटिस जाड माणसाला होतो असंच आमच्या डोक्यात बसलेलं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की आपली बाळं वजनाला कमी, पण त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण मात्र जास्त. बारीक दिसणारं माणूसही आतून या आजाराला तयार असू शकतं. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीत भारतात १० कोटींहून अधिक लोकांना डायबेटिस असल्याचा अंदाज आहे. त्या १० कोटींत माझी आई आहे, आणि तुमच्याही घरातलं कुणीतरी असेल.

दोन वर्षांपासून तीही इन्शुलिनवर होती. तिची साखर एक दिवस ९०, एक दिवस ३००. मी फोनवर तिला भातावरून, चहावरून बोलायचे. ती म्हणायची, “नाही गं बाई खात.” मला वाटायचं, खाते आणि लपवते.

घरी पोचले. चहा झाला. संध्याकाळी तिची इंजेक्शनची वेळ झाली तेव्हा मी म्हटलं, “आई, दे बरं माझ्यासमोर. मला बघायचंय.”

“आता काय बघूलालीस? दोन वर्षं झाली देऊलाले की.”

टोपण लाल, बाटली ४०ची. डोस बरोबर. मग तिनं पदर बाजूला केला आणि बेंबीच्या डाव्या अंगाला सुई टोचली. तिथे लहान लिंबाएवढी गाठ होती.

“इथंच देतेस रोज?”

“इथं दुखत नाही. दुसरीकडं टोचलं की आग होती.”

एकाच जागी टोचत राहिलं की कातडीखाली अशी चरबीची गाठ होते. तिथे खरंच दुखत नाही, म्हणून माणूस तिथेच देत राहतं. पण त्या गाठीतून औषध कधी शोषलं जातं, कधी नाही. आईचे ९० आणि ३०० भातातून आले नव्हते. ते या गाठीतून आले होते, आणि दोन वर्षांत तिच्या नर्स मुलीनं एकदाही पदर बाजूला करून बघितलं नव्हतं. मी तिच्या डॉक्टरांना फोन लावला. जागा बदलली की तेच औषध जोरात लागू होतं, त्यामुळे त्यांनी डोस कमी करून दिला. पोटाचे चार भाग पाडून, दर आठवड्याला एक भाग, असं मी कॅलेंडरवर लिहून दिलं. मग म्हटलं, “आता तू मला सांग.” तिनं सांगितलं. एक आठवडा चुकला, तो दुरुस्त केला.

रात्री तिचे पाय बघितले. वॉर्डात आम्ही नायलॉनचा एक बारीक धागा वापरतो. तळव्याला टेकवला की १० ग्रॅम दाबाला तो वाकतो. तेवढा स्पर्श कळला नाही तर पायाची जाणीव गेलेली असते. मी आईला डोळे मिटायला सांगितलं आणि लागेल तेव्हा ‘हं’ म्हण म्हटलं. अंगठ्याला टेकवला. करंगळीखाली टेकवला. टाचेच्या वर टेकवला.

थोड्या वेळानं ती डोळे मिटूनच म्हणाली, “लाव की आता.”

* * *

खरी अडचण पुढे होती. भावाला नोकरी लागली तर कोजागिरीला लातूरहून तुळजापूरला अनवाणी चालत येईन, असा आईनं नवस बोलला होता. भावाला नोकरी लागली होती. सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, ऑक्टोबरच्या उन्हात तापलेला डांबरी रस्ता, आणि ज्यांना काहीच कळत नाही असे पाय. असे पाय वॉर्डात कसे येतात ते मी बघितलंय. तळवा भाजलेला असतो, खडा रुतलेला असतो, आणि माणूस म्हणतं, दुखलं नाही म्हणून बघितलं नाही.

“तू जायचं नाहीस,” असं मी म्हणणार होते. तोंडातून आलं, “कसं जाणारेस, सांग बरं सगळं. कुठं मुक्काम, कोण सोबत, किती वाजता चालायचं.”

तिनं सांगितलं. दोन तास बोललो. आईभवानीला बूट चालतात का, यावर पुष्कळ वाद झाला. शेवटी ठरलं ते असं. मऊ बूट आणि सुती मोजे घालायचे, चालायचं पहाटे आणि संध्याकाळी, पिशवीत साखरेच्या पुड्या ठेवायच्या, प्रत्येक मुक्कामाला वहिनीनं तळवे बघायचे. अनवाणी फक्त देवळाच्या पायऱ्या उतरायच्या, तेही पहाटे, दगड गार असताना. आई म्हणाली, “तिला सांगते मी, पोरगी सिस्टर हाय म्हणून.”

नांदेडला परतल्यावर मी इन्चार्ज सिस्टरांशी बोलले. आता आमच्या वॉर्डात डिस्चार्जच्या दिवशी नाही, आदल्या दिवसापासूनच नातेवाईक स्वतःच्या हातानं इन्शुलिन भरतात, आम्ही फक्त बघतो. जुनी सिरिंज आणि बाटलीचं खोकं एका पारदर्शक पिशवीत घालून देतो. मेडिकलवर बोलायचं नाही, पिशवी दाखवायची. आणि आणखी एक प्रश्न विचारतो, “घरी हे ठेवणार कुठं?” या एका प्रश्नातून काय काय निघतं सांगू? एका आजीनं शेजारच्या फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्यात बाटली ठेवली होती, जास्त गार तेवढं चांगलं म्हणून. गोठलेलं इन्शुलिन निकामी होतं. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांना आम्ही मडक्याची युक्ती सांगतो. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात पिशवीत घातलेली बाटली. नांदेडच्या मे महिन्यातही ती बाहेरच्यापेक्षा बरीच गार राहते.

याला वेळ लागतो. अठरा पेशंट अजूनही अठराच असतात. काही दिवस जमत नाही, आणि त्या दिवशी घरी गेलेल्या माणसांची मला काळजी वाटत राहते.

छकुली महिन्यातून एकदा येते. आता ती स्वतः सुई टोचून घेते, वडील तोंड फिरवून उभे राहतात. गावातल्या शाळेच्या बाईंना आजाराबद्दल सांगितलंय, आणि तिच्या दप्तरात साखरेची पुडी असते. गावाला कळलंच शेवटी. लग्नाचं काय ते पुढे बघू, असं वडील म्हणतात, आणि विषय बदलतात. मागच्या वेळी तिनं विचारलं, “सिस्टर, माळेगावच्या जत्रेत जिलेबी खाऊ का?” मी म्हटलं, “किती खाणार, आधी मला सांग.” ती हसली आणि बोटं मोडून हिशेब करायला लागली.

आई दर रविवारी मला व्हॉट्सअॅपवर दोन्ही तळव्यांचा फोटो पाठवते, गुड मॉर्निंगच्या फुलांच्या मध्ये. एकदा तो चुकून घरच्या ग्रुपवर गेला. मामानं खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं, ‘दर्शन झालं’ म्हणून. मी फोटो मोठा करून बघितला. डाव्या टाचेला बारीक भेग होती. लगेच फोन लावला.